क्वेकर पोरं आणि अमेरिकेतली यादवी: मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहायची तर

क्वेकर म्हटलं की बहुतेकांना ओट्सच्या डब्यावरचा तो पांढऱ्या केसांचा टोपीवाला आजोबा आठवतो, आणि गंमत म्हणजे त्या कंपनीचा क्वेकर लोकांशी काहीएक संबंध नाही, नाव नुसतं सचोटीचं वाटतं म्हणून उचललेलं. तर त्या डब्याच्या पलीकडचे खरे क्वेकर, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक पंथ, आणि त्यांच्या घरातली मुलं, आणि बाहेर पेटलेलं युद्ध, यावर नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहायचा नाद मला लागलाय. दोन मसुदे रद्दीत गेले, तिसरा चाललाय. त्यात जे चुकत चुकत कळलं ते इथे लिहितेय, कुणाला अशीच गोष्ट लिहायची असेल तर दोन मसुदे तरी वाचतील.

सगळ्यात आधी कुठली यादवी ते ठरवा, कारण दोन आहेत. एक इंग्लंडमधली, १६४२ ते १६५१. तिथे मोठी गोची अशी की युद्ध सुरू झालं तेव्हा क्वेकर असा पंथच नव्हता. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, त्याच्याभोवती माणसं जमायला लागली ती १६४० च्या दशकाच्या शेवटी, आणि पंथ खऱ्या अर्थानं उभा राहिला १६५२ च्या आसपास. त्यातही सुरुवातीचे कितीतरी क्वेकर राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या फौजेतले जुने शिपाई होते, जेम्स नेलर तर क्वार्टरमास्टर होता. 'आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र उचलणार नाही' हे त्यांनी राजा दुसऱ्या चार्ल्सला लेखी दिलं ते युद्ध संपून नऊ-दहा वर्षं झाल्यावर. म्हणजे १६४३ सालातलं शांतताप्रेमी क्वेकर कुटुंब लिहाल तर पहिल्याच पानावर आपटाल. फॉक्स स्वतः १६५१ साली डर्बीच्या तुरुंगात होता आणि त्याला फौजेत कॅप्टन हो म्हणून सांगितलं तर त्यानं नाही म्हटलं, हा प्रसंग मात्र झकास आहे, कुणाला घ्यायचा असेल तर घ्या.

दुसरी अमेरिकेतली, १८६१ ते १८६५, गुलामगिरीवरून उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं लढली ती. मी ही घेतली. तोपर्यंत क्वेकरांची दोन मतं पक्की झालेली होती, माणसाला गुलाम करायचं नाही आणि माणसाला मारायचं नाही. आणि नेमकी ही दोन मतं त्या चार वर्षांत एकमेकांच्या छातीवर बसली. लिंकननं एलायझा गर्नी नावाच्या क्वेकर बाईला सप्टेंबर १८६४ मध्ये लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलंय, की तुमचा युद्धालाही विरोध आणि जुलमालाही, आणि जुलूम हटवायला तर युद्धाशिवाय वाट दिसत नाही. गोष्ट इथेच आहे. लढाई, तोफा, झेंडे हे सगळं मागे कुठेतरी आवाज म्हणून ठेवा.

आता हा पेच मुलांना समजेल असा कसा करायचा? भाषण ठोकून नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात एक आजोबा होते, ते दर प्रकरणात अर्धं पान शांततेचं महत्त्व सांगायचे. माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं तीन प्रकरणं वाचली आणि विचारलं, "हे आजोबा कधी मरणार?" त्या दिवशी आजोबा गेले.

मुलाच्या हातात मावेल अशी एक वस्तू किंवा एक कृती शोधा ज्यात दोन्ही तत्त्वं आपटतात. पैसे हे एक उदाहरण. उत्तरेकडच्या सरकारनं मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा केला, ३०० डॉलर भरले की सुटका, नाहीतर आपल्याऐवजी दुसरा माणूस द्यायचा. दक्षिणेनं ऑक्टोबर १८६२ मध्येच क्वेकरांसाठी ५०० डॉलर कर ठरवला होता. मोठ्या माणसाला वाटेल, चला सुटले. पण मुलाला विचारा: दादाच्या बदल्यात जो जाईल तो कुणाचा दादा? काही क्वेकरांनी पैसे भरले, काहींनी तेवढ्यासाठीच भरले नाहीत. व्हरमाँटचा सायरस प्रिंगल हा तरुण १८६३ मध्ये भरतीत ओढला गेला, पैसे भरायला नातेवाईक तयार होते तरी यानं भरू दिले नाहीत. व्हर्जिनियात कल्पेपरजवळच्या छावणीत त्याला बंदूक साफ कर म्हणून हुकूम झाला, यानं हात लावला नाही, तर हातपाय ताणून जमिनीवर खुंट्यांना बांधून ठेवला. शेवटी लिंकनपर्यंत प्रकरण गेलं आणि सोडला त्याला. पुढे हा माणूस नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञ झाला, मेक्सिकोत फिरून हजारो झाडापाल्याचे नमुने गोळा केले. त्यानं रोजनिशी लिहिली होती, ती छापलेली आहे, मिळाली तर वाचाच, कारण त्यात बढाई अजिबात नाही, उलट बांधणाऱ्या शिपायांचीच त्याला कीव येते.

मुलांच्या पुस्तकात एवढी मारहाण दाखवायची का? मी दाखवते, पण मुलाच्या नजरेच्या उंचीवरून. दादा परत येतो तेव्हा मनगटावरचे वळ बहिणीला दिसतात, तो बाही खाली ओढतो, बस.

जागा निवडताना नकाशा घेऊन बसा. माझी गोष्ट व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीतल्या वॉटरफर्ड गावात घडते. पेनसिल्व्हेनियातून आलेल्या क्वेकरांनी १७३३ च्या सुमारास वसवलेलं गाव, पोटोमॅक नदी काही मैलांवर, पलीकडे मेरीलँड. राज्य दक्षिणेच्या बाजूचं, गाव मनानं उत्तरेच्या बाजूचं, आणि लढायला कुणाच्याच बाजूनं तयार नाही, म्हणजे दोन्ही फौजा येऊन घोडे, धान्य, गवत नेणार. त्यातून १८६२ मध्ये त्याच भागातून उत्तरेसाठी लाउडन रेंजर्स म्हणून घोडेस्वारांची तुकडी उभी राहिली, त्यामुळे घरातल्या अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय चाललं असेल ते वेगळं सांगायला नको. १८६४ मध्ये गावातल्या तीन तरुण क्वेकर मुलींनी उत्तरेची बाजू घेणारं छोटंसं वर्तमानपत्र काढलं, तिरकस, टवाळकीनं भरलेलं, छपाई बाल्टिमोरला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी काय झालं, तर दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या मॉस्बीच्या छापेमार टोळीला दाणागोटा मिळू नये म्हणून उत्तरेच्याच घोडदळानं त्या भागातली धान्याची कोठारं पेटवली, त्यात उत्तरेशी इमान राखलेल्या क्वेकरांचीही गेली. ज्यांची वाट बघत होतो त्यांनीच येऊन काडी लावली! असा शेवट आयता मिळतो तेव्हा स्वतःचा कशाला रचायचा.

बाकीच्यांसाठी: उत्तर कॅरोलायनातलं गिलफर्ड काउंटी आहे, तिथली न्यू गार्डन बोर्डिंग स्कूल युद्धभर चालू राहिली, शाळेची गोष्ट आवडणाऱ्यांनी तिकडे जावं. गेटिसबर्गच्या उत्तरेलाही क्वेकर वस्ती होती. जुलै १८६३ च्या लढाईनंतर न्यू जर्सीची कॉर्नेलिया हॅनकॉक ही तेवीस वर्षांची क्वेकर मुलगी तिथे जखमींची सेवा करायला निघाली, फार लहान आणि तरुण दिसते म्हणून तिला नाकारलं तर ही गुपचूप गाडीत जाऊन बसली.

आता भाषा. इथे मराठीत लिहिणाऱ्याला लॉटरी लागलीय आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही. क्वेकर सगळ्यांना एकेरी संबोधायचे, न्यायाधीश असो की लॉर्ड. जुन्या इंग्रजीत 'तू'ला 'दाऊ' आणि 'तुम्ही'ला 'यू' असे दोन वेगळे शब्द होते, आज इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते जुनाट शब्द वापरावे लागतात आणि मुलांना ते नाटकी वाटतात. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' जिवंत आहेत! मराठी मुलाला वडीलधाऱ्याला अरे-तुरे करण्यातला धक्का समजावून सांगावा लागत नाही, पोटात कळतो. त्यामुळे क्वेकर पात्रं सगळ्यांना 'तू' म्हणतील, बाबांना, शाळेच्या बाईंना, कर्नलला. बाकीची पात्रं नेहमीसारखं तुम्ही-आपण. बाबांना 'तू' लिहिताना माझा हात दोन दिवस अडखळत होता, मग सवय झाली, आणि एक वेगळीच गोष्ट झाली, घरातलं 'तू' मायेचं वाटायला लागलं आणि बाहेरचं धिटाईचं. अमेरिकेतल्या क्वेकरांचंही साधारण असंच होतं, एकोणिसाव्या शतकापर्यंत ती आपल्या माणसांची घरगुती बोली होऊन गेली होती.

'तू'च्या मागोमाग बरंच काही येतं. साहेब नाही, सर नाही, मॅडम नाही, नावामागे राव-जी नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला मूल 'काकू' म्हणणार नाही, पूर्ण नाव घेईल. टोपी कुणासमोर काढायची नाही. आणि शपथ नाही! माझ्या दुसऱ्या मसुद्यात क्वेकर मुलगा तीन ठिकाणी 'आईशप्पथ' म्हणत होता, बोलीच्या ओघात येऊन गेलं, मला महिनाभर दिसलं नाही. शपथ घ्यायची म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून कोर्टातसुद्धा घ्यायचे नाहीत. तुमच्या मसुद्यात 'शपथ', 'देवाशपथ', 'गळ्याशपथ' सगळं शोधून काढा.

वार आणि महिने नावानं नाहीत, आकड्यानं. रविवार म्हणजे पहिला दिवस, जुलै म्हणजे सातवा महिना, कारण इंग्रजी नावांत जुने देव बसलेत. मराठी वारांत तर ग्रहच बसलेत त्यामुळे ते नेमकं लागू पडतं. पण प्रत्येक तारखेला हे केलं तर मूल हिशोब करत बसेल, तेव्हा घरातल्या संवादात तेवढं ठेवा आणि निवेदनात साधा जुलै लिहा. इंग्लंडवाली गोष्ट लिहिणाऱ्यांनो, अजून एक खड्डा: १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च होता. ते राजाला दिलेलं निवेदन १६६० च्या अकराव्या महिन्यातलं आहे आणि आपल्या हिशोबानं तो जानेवारी १६६१ होतो.

काही शब्दांशी मी नुसती भांडले. 'गृहयुद्ध' म्हटल्यावर भाचीला आई-बाबांचं भांडण वाटलं, म्हणून 'यादवी' घेतला, एकदा समजावला की छान बसतो. क्वेकर स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणतात, त्याचं 'मित्र' केलं की सत्यानाश, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, 'मित्र आले' म्हणजे नक्की कोण आले? फ्रेंड्सच ठेवा. प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड असतो असं ते मानतात, त्याला 'अंतर्ज्योती' वगैरे नको, 'आतला उजेड' म्हणा. प्रार्थनेच्या जागेला चर्च म्हणू नका, मीटिंगहाऊस. आणि 'भुयारी रेल्वे' तर चुकूनही नाही, मुलांच्या डोळ्यांसमोर थेट मेट्रो येते. अंडरग्राउंड रेलरोड म्हणजे ना रूळ ना बोगदा, गुलामीतून पळालेल्यांना एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणाऱ्या माणसांची साखळी. मी गोष्टीतल्या सहा वर्षांच्या भावालाच तसा गैरसमज करून दिलाय, तो इंजिन शोधत फिरतो, म्हणजे वाचणाऱ्या मुलाचाही गैरसमज जाता जाता दूर होतो.

या साखळीबद्दल अजून दोन-तीन गोष्टी, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. काळाची चूक ही पहिली. साखळीचे दिवस मुख्यतः युद्धाआधीचे. १८५० च्या कायद्यानं पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. इंडियानातल्या न्यूपोर्टला (आता फाउंटन सिटी) लीवाय आणि कॅथरीन कॉफिन या क्वेकर जोडप्याचं घर अजून उभं आहे, वरच्या खोलीत पलंगामागे एक बुटकं दार, त्याच्यामागे माळ्यासारखी चिंचोळी जागा. असं घर हवं असेल तर गोष्ट १८४० च्या दशकात न्या. युद्ध सुरू झाल्यावर माणसं उत्तरेच्या फौजेच्या छावण्यांकडे पळायला लागली, मग क्वेकर मंडळी कपडे, पुस्तकं, शिक्षक घेऊन तिकडे जायला लागली. दुसरं, गोधडीवरच्या नक्षीत गुप्त खुणा असायच्या ही कथा फार गोड आहे पण त्या काळातला एकही पुरावा त्याला नाही, सोडून द्या. तिसरं आणि खरं महत्त्वाचं, क्वेकरांना तारणहार करू नका. पळणारी माणसं स्वतःच्या हिमतीवर आणि बहुतेकदा स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मदतीनं पळाली. क्वेकरांनी स्वतः पिढ्यान्‌पिढ्या गुलाम ठेवले होते, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं त्याला पूर्ण बंदी घातली ती १७७६ मध्ये. नंतरसुद्धा फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट मीटिंगमध्ये सारा मॅप्स डग्लस आणि तिच्या आईला वेगळ्या बाकावर बसायला लागायचं, कारण त्या काळ्या होत्या, आणि सारानं हे लिहून ठेवलंय. तुमच्या गोष्टीत तो बाक येऊ द्या. मुलांना 'चांगल्या माणसांनी पण असं केलं?' हा प्रश्न पडू द्या, उत्तर देऊ नका.

साखर, कापूस या गोष्टी मुलांच्या गोष्टीला सोन्यासारख्या. काही क्वेकर कुटुंबं गुलामांच्या कष्टानं पिकवलेलं काहीच घरात आणायची नाहीत, म्हणजे उसाची साखर नाही, सुती कापड नाही, त्याऐवजी मेपल साखर, लोकर, लिनन. उन्हाळ्यात लोकरीच्या झग्यात खाजवत बसलेली मुलगी, शेजारणीच्या हातातल्या पेपरमिंटकडे बघत. तत्त्व म्हणजे काय ते यापेक्षा सोपं करून कुणाला सांगता येईल?

शांत बसणं. क्वेकर मीटिंगमध्ये पुजारी नाही, गाणं नाही, तासभर किंवा जास्त सगळे गप्प, आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलेल. बाई असो, माणूस असो. लिहायला भयंकर अवघड, कारण काहीच घडत नाही. मी पहिल्या प्रकरणात हे मुद्दाम कंटाळवाणं ठेवलं, रूथ नावाची माझी अकरा वर्षांची पोर बाकाच्या लाकडातल्या गाठी मोजते, समोरच्या म्हाताऱ्याच्या टोपीवर माशी बसते, आईच्या पोटात गुडगुड होते, संपलं हे कळतं कारण मोठी माणसं एकमेकांशी हात मिळवतात. तेव्हा ते नुसतं गमतीचं. पण सातव्या प्रकरणात दक्षिणेचे घोडेस्वार येतात, घरची घोडी रानातल्या घळीत लपवलेली आहे, रूथला माहितीय, आणि रूथला खोटं बोलायचं नाहीय:

"घोडी कुठंय?" कॅप्टननं विचारलं.

रूथ त्याच्या बुटांकडे बघत होती. डाव्या बुटाचा तळ सुतळीनं बांधलेला.

"ऐकू येतंय का पोरी?"

"येतंय," रूथ म्हणाली. "तुझा बूट फाटलाय."

मागचा एक शिपाई खुदकन हसला. कॅप्टन हसला नाही. "घोडी कुठंय ते सांग."

रूथनं हात मांडीवर ठेवले, पहिल्या दिवशी ठेवते तसे, आणि अंगणातल्या कुंपणाच्या लाकडातल्या गाठी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

म्हणजे पहिल्या प्रकरणातला कंटाळा इथे उपयोगी पडला. अशी पेरणी करा. क्वेकर गोष्टींत एक चतुर उत्तर फार फिरतं, शेरीफ विचारतो घरात गुलाम आहेत का आणि आजी म्हणते इथे कुणी गुलाम नाही, कारण तिच्या मते कुणीच गुलाम नसतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण आवडलं होतं, आता शब्दांची पळवाट वाटते. मूल असं चलाखीनं सुटलं की पेच संपतो आणि गोष्ट पण.

ज्यांना खरी घटनाच घ्यायचीय त्यांच्यासाठी रिबेका राइट. विंचेस्टर, व्हर्जिनिया, क्वेकर शिक्षिका. सप्टेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शेरिडनची चिठ्ठी तिच्याकडे आली, पातळ कागदावर लिहून टिनच्या वर्खात गुंडाळलेली, आणणारे थॉमस लॉज या कृष्णवर्णीय गृहस्थांनी ती तोंडात लपवून आणली, पकडलो तर गिळायची. त्यांना भाजी विकायला शहरात यायचा परवाना होता. रिबेकानं दक्षिणेच्या फौजेची खबर लिहून दिली, १९ तारखेला लढाई झाली, हजारो माणसं मेली किंवा जखमी झाली. हेरकथा म्हणून मुलं उड्या मारतील, पण थांबा, ही युद्ध न मानणारी बाई, आणि तिच्या चिठ्ठीनं लढाई जुळली. त्या दिवशी तोफांचा आवाज ऐकताना तिला काय वाटलं असेल, ते एक प्रकरण लिहा. आणि गोष्ट थॉमस लॉज यांच्या मुलीच्या किंवा पुतण्याच्या नजरेतून लिहिली तर अजून बरं, जीव तर त्यांचा टांगणीला होता.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानं 'खरं काय, माझं काय' अशी द्या, मुलांना हे भलतंच आवडतं, काहीजण तेच आधी वाचतात. रूथ माझी, वॉटरफर्ड खरं. घोडी माझी, जळलेली कोठारं खरी.

आणि छापायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा कुणा लहान माणसाला. मी तो कॅप्टनचा प्रसंग वाचला तेव्हा भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पण तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली, हे पण खोटं बोलणंच झालं ना?" मला उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न मी तसाच्या तसा उचलून रूथच्या धाकट्या भावाच्या तोंडी घातला, रात्री अंथरुणात, दिवा विझवल्यावर, आणि रूथलाही उत्तर सुचत नाही.